अकराव्या ग्रिडनंतरचे क्लॅश

सोमवारी सकाळी एका इमारतीच्या संगणकातल्या मॉडेलांचा रिपोर्ट उघडला तर स्ट्रक्चर विरुद्ध प्लंबिंग या एका टेस्टमध्ये ११२ क्लॅश, म्हणजे दोन मॉडेलांतल्या वस्तू एकमेकांत घुसलेल्या जागा. ही टेस्ट त्या आठवड्यात पहिल्यांदाच चालवली होती. त्याआधी भिंतींत स्लीव्हच (पाइप जायला ठेवलेली भोकं) टाकलेल्या नव्हत्या, त्यामुळे चालवून उपयोग नव्हता.

११२ म्हणजे काही फार नाही. पहिल्या टेस्टला हजाराच्या घरातले आकडे बघायची सवय असते. पण हे ११२ पसरलेले नव्हते. ग्रिड (इमारतीची मापं ज्यांपासून घेतात त्या आखलेल्या रेषा) १ ते १० मध्ये एकही नाही. ग्रिड ११ पासून १८ पर्यंतच्या प्रत्येक आडव्या भिंतीवर, प्रत्येक पाइपला एक. पाइप १४, भिंती ८, गुणाकार ११२. माणसांच्या चुका इतक्या शिस्तीत पडत नाहीत. हे मला त्याच सकाळी खटकायला हवं होतं, खटकलं गुरुवारी.

इमारत अशी: दोन बेसमेंट आणि पोडियम, वर दोन सारखे टॉवर. पोडियम लांबीला १८ ग्रिड, मधले १७ गाळे ९ मीटरचे, म्हणजे १५३ मीटर. रुंदीला ए ते एच, ६३ मीटर. आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि एमईपी (वीज, प्लंबिंग वगैरे) अशा तीन कार्यालयांची रेव्हिट या सॉफ्टवेअरमधली वेगवेगळी मॉडेलं, टॉवरची एक फाइल दोनदा लिंक केलेली, आणि सगळं एकत्र बघायला नॅव्हिसवर्क्स. एकत्र आणण्याचं काम माझं. प्रत्येक फाइल शेअर्ड कोऑर्डिनेट्सवर, म्हणजे सगळ्या मॉडेलांना समान अशा साइटच्या आकड्यांवर, एक्स्पोर्ट व्हायची आणि मी ती जोडायचो.

"मोजून बघा"

मंगळवारच्या कॉलवर एमईपीच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या स्लीव्ह शेड्यूलमध्ये पहिली लाइन ए ग्रिडपासून २४५० दिलीय."

स्ट्रक्चरचा मॉडेलर म्हणाला, "मॅडम, आमच्या भिंतीत पण २४५०च आहे. मोजून बघा."

मोजलं. दोघांचंही बरोबर होतं. आपापल्या फाइलमध्ये, आपापल्या ग्रिडपासून, मिलिमीटरला मिलिमीटर. तरीही नॅव्हिसवर्क्समध्ये पाइप स्लीव्हच्या कडेत घुसलेला दिसत होता. अशा वेळी बैठकीत जे होतं तेच झालं: ज्याला पटकन बदल करता येतो त्याने तो करायचा. पाइप हलवणं भोक हलवण्यापेक्षा सोपं, म्हणून एमईपीकडच्या एका उत्साही मुलाने बुधवारपर्यंत ३१ ठिकाणी पाइप सरकवून टाकले. क्लॅश ८१ वर आले आणि केबल ट्रेशी नवे सुरू झाले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याला दोष देत नाही, कॉलच्या मिनिट्समध्ये तसंच लिहिलं होतं आणि मिनिट्स मीच लिहिले होते.

गुरुवारी मी रिपोर्ट ग्रिडच्या क्रमाने लावला आणि क्लॅशच्या अंतराचा रकाना वाचत खाली गेलो. ग्रिड ११ वर सगळे १४ क्लॅश ६ मिमीच्या आसपास. १२ वर १० च्या आसपास. पुढे दर ग्रिडला सव्वातीनेक मिलिमीटरची भर, आणि १८ वर २८. एका ग्रिडवरच्या सगळ्या पाइपांचा आकडा जवळपास एकच, मग तो पाइप ए जवळचा असो की एच जवळचा.

आता मागे जाऊन मोजा. पाइपाचा बाहेरचा व्यास १५० मिमी, स्लीव्ह २०० ची, म्हणजे दोन्ही बाजूंना २५ मिमी मोकळी जागा. टेस्टचा टॉलरन्स, म्हणजे ती सोडून देते तेवढी घुसखोरी, ५ मिमी. म्हणजे पाइप मधल्या रेषेपासून ३० मिमी सरकेपर्यंत टेस्ट गप्प बसणार. ग्रिड १० पर्यंत चूक नव्हती असं नाही, ती २५ मिमीच्या मोकळ्या जागेत आणि ५ मिमीच्या टॉलरन्समध्ये मावत होती, इतकंच.

चार आकडे

पुढचं समजायला रेव्हिटमधली एक गोष्ट माहीत हवी. प्रत्येक फाइलला तिचा स्वतःचा न हलणारा शून्यबिंदू असतो, इंटर्नल ओरिजिन. भूमिती त्याच्या जवळपासच ठेवायची असते, १६ किलोमीटरच्या आत, नाहीतर रेषा थरथरायला लागतात. त्यामुळे सर्व्हेचे लांबलचक आकडे कोणी भूमितीत घालत नाही. ते शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये ठेवतात. सर्व्हे पॉइंटच्या निळ्या त्रिकोणाबद्दल आणि त्याच्या क्लिपबद्दल कितीही पानं लिहिली गेली असली तरी आत शेवटी चार आकडे असतात: पूर्व, उत्तर, उंची आणि प्रोजेक्ट नॉर्थपासून (ड्रॉइंगवरची वरची दिशा) ट्रू नॉर्थचा (खरी उत्तर) कोन. फाइल एक्स्पोर्ट होताना किंवा 'बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स' लिंक होताना हे चार आकडे भूमितीला लावले जातात.

पहिले तीन आकडे एका जातीचे. त्यांतला एखादा चुकला तर सगळी इमारत तेवढीच सरकते, इकडच्या टोकाला जेवढी तेवढीच तिकडच्या. चौथा वेगळा. कोन चुकला तर ज्या बिंदूभोवती इमारत फिरली तिथे फरक शून्य, आणि लांब जावं तसा तो वाढत जातो.

आमचा फरक वाढत होता, म्हणजे सरकणं नव्हे. राहिल्या दोन शक्यता: फिरणं किंवा ताणलं जाणं, म्हणजे स्केल.

स्केलवर माझा आधी जास्त विश्वास बसला, आणि त्याला कारण होतं. यूटीएम या नकाशाच्या प्रक्षेपणात मधल्या रेखांशावर स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो. जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशाच्या ग्रिडवर ४० सेंटिमीटरने कमी भरतो. १५३ मीटरला तो फरक ६१ मिमी होतो, आणि आमच्या शेवटच्या ग्रिडवर क्लॅश २८ अधिक मोकळे २५, म्हणजे ५३. इतके जवळचे आकडे दिसले की डोकं लगेच कथा रचायला लागतं. मी सर्व्हेअरना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला यूटीएम दिलेलंच नाही. लोकल ग्रिड आहे, ५०००, ८००० पासून सुरू. टोटल स्टेशनने मोजलेली जमिनीवरची अंतरं आहेत."

फोन न करताही कळलं असतं. स्केल चुकला तर बिंदू लांबीच्या दिशेने पुढेमागे होतो. आमचे पाइप लांबीच्या दिशेनेच जात होते. ते त्याच दिशेने ६१ मिमी सरकले असते तरी स्लीव्हमधून तसेच आरपार गेले असते, एकही क्लॅश आला नसता. आमचा फरक आडवा होता. आडवा आणि अंतराच्या प्रमाणात वाढणारा, म्हणजे कोन. ५३ भागिले १,५३,००० याचे अंश केले तर ०.०२ येतात.

दोन टोकांना मोजणं

शुक्रवारी एक कोरी फाइल घेतली. तिच्यात फक्त सर्व्हेचं ड्रॉइंग लिंक केलं, त्याच्याकडून कोऑर्डिनेट्स अक्वायर केले, म्हणजे त्याचे आकडे या फाइलीत घेतले, आणि मग आर्किटेक्टचं व स्ट्रक्चरचं मॉडेल दोन्ही शेअर्ड कोऑर्डिनेट्सने आणली. कोणाच्याच कार्यालयाची नसलेली अशी एक फाइल असावी, हे मला फार आधी सुचायला हवं होतं. ग्रिडच्या छेदांवर कोऑर्डिनेट वाचले.

ए-१: दोन्ही मॉडेलांत पूर्व ५०१२.४००, उत्तर ८००६.१५०.

ए-१८, आर्किटेक्ट: पूर्व ५१४८.२६०, उत्तर ८०७६.५१३.

ए-१८, स्ट्रक्चर: पूर्व ५१४८.२३६, उत्तर ८०७६.५६१.

पूर्वेत २४ मिमी, उत्तरेत ४८, सरळ रेषेत ५३-५४. आणि ए-१ वर शून्य. पोडियमचा आयत बघितला तर एक कोपरा खिळ्यासारखा घट्ट, बाकी सगळं त्याभोवती जरासं फिरलेलं.

ए-१ वर शून्य आलं हेच या प्रकरणाचं मूळ. कारण तपासणी झालेली होती. कामाच्या सुरुवातीला प्रत्येक मॉडेल आलं तेव्हा मी स्वतः ए-१ चे कोऑर्डिनेट वाचून, तक्त्यात बरोबरची खूण करून, खाली सही केली होती. तक्त्यात एकच बिंदू होता. एका बिंदूला मॉडेल कुठे आहे ते कळतं, कुठल्या कोनात उभं आहे ते कधीच कळत नाही. तुम्ही खिळ्याला धरून ते गरगर फिरवलं तरी माझा तक्ता "बरोबर" म्हणत राहिला असता. उंचीसाठी मी दुसरा रकाना ठेवला होता, कोनासाठी नाही.

डोळ्यांनी कोणाला का दिसलं नाही? १:२०० च्या शीटवर ५३ मिमी म्हणजे पाव मिलिमीटर, ग्रिडच्या रेषेच्या जाडीत लपून जातो. शिवाय एमईपीच्या व्ह्यूंमध्ये स्ट्रक्चरच्या ग्रिड बंद केलेल्या होत्या, ग्रिडच्या नावांचे दुहेरी फुगे नकोत म्हणून. कॉपी-मॉनिटर (लिंकमधल्या ग्रिडची नक्कल करून तिच्यावर नजर ठेवणारी रेव्हिटमधली सोय) वापरून ग्रिड एकमेकांना बांधलेल्या असत्या तरी मॉनिटरने ग्रिड आणि लिंक यांच्यातला फरक फक्त त्या फाइलच्या आतला सांगितला असता, शेअर्ड कोऑर्डिनेट्समधला नाही. स्ट्रक्चरने तर आपल्या ग्रिड स्वतःच काढल्या होत्या.

२७.४

दोन्ही फाइलींत प्रोजेक्ट युनिट्समध्ये जाऊन कोनाचे दशांश वाढवले. आर्किटेक्ट: २७.३८०००. स्ट्रक्चर: २७.४००००. एमईपीचे पाइप आर्किटेक्टच्याच कोनात होते.

याचा माग काढायला दहा मिनिटं लागली. पायाची ड्रॉइंग लवकर हवी होती म्हणून स्ट्रक्चरने काम सुरू केलं तेव्हा आर्किटेक्टचं मॉडेल बाहेर पडलेलंच नव्हतं. एक साइट प्लॅनची पीडीएफ आली होती. तिच्यावर टीप होती: ए-१ चे पूर्व-उत्तर, शून्य लेव्हलची उंची, आणि ट्रू नॉर्थचा कोन २७.४ अंश. मॉडेलरने 'स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स ॲट पॉइंट' उघडून ए-१ वर टिचकी मारली आणि चारही आकडे जसेच्या तसे भरले. त्याच्या हातात जे होतं ते त्याने अचूक भरलं. पूर्व-उत्तर तीन दशांशांत होते, कोन एकात. आर्किटेक्टच्या कार्यालयाच्या टेम्प्लेटमध्ये कोन एका दशांशात दाखवायची सेटिंग होती. जिन्याच्या रेलिंगला आणि छपराच्या उताराला ते पुरतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. फाइलच्या पोटात २७.३८ होतं, शीटवर २७.४ उमटलं.

(कोन असा गोल होऊन जाऊ नये हे आयएफसी या मॉडेलांच्या देवाणघेवाणीच्या खुल्या फॉरमॅटच्या चौथ्या आवृत्तीत बरं साधलंय. तिथे नकाशाशी जोडणारी फिरकी अंशांत लिहीत नाहीत, एक्स अक्षाचे दोन घटक लिहितात, म्हणजे कोसाइन आणि साइन. आमच्या कोनाला ते ०.८८७९८ आणि ०.४५९८९ होतात. असला आकडा पीडीएफवरच्या टिपेत कोणी हाताने उतरवणार नाही, फाइलीकडूनच घेईल.)

दुरुस्ती, आणि पाइलचा तक्ता

सगळ्यात सोपा उपाय शुक्रवारी संध्याकाळीच पुढे आला होता. आमच्याच टीममधल्या एकाने सुचवलं, नॅव्हिसवर्क्समध्ये स्ट्रक्चरच्या फाइलला 'युनिट्स अँड ट्रान्सफॉर्म'मधून ०.०२ अंश उलटं फिरवून टाकू. रिपोर्ट लगेच स्वच्छ. मी नको म्हटलं, पण खरं सांगायचं तर आधी तत्त्व म्हणून म्हटलं. कारण नंतर सुचलं: नॅव्हिसवर्क्समध्ये फिरवलेलं फक्त आपल्याला दिसतं. त्या फाइलीतून आणखी काय काय बाहेर जातं?

पाइलचा (पायासाठी जमिनीत खोल उतरवायचे खांब) तक्ता जातो. प्रत्येक पाइलच्या मध्याचे पूर्व-उत्तर, याच फाइलच्या शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून काढलेले, साइटवर लाइनआउटसाठी, म्हणजे जागा आखायला.

तो शनिवार मजेत गेला नाही. साइटवर विचारलं तर ग्रिड ५ पर्यंतचे पाइल झाले होते. ए-५ खिळ्यापासून ३६ मीटर, तिथे फरक साडेबारा मिलिमीटर. पण पाइल रुंदीतही पसरलेले असतात. एच-५ पर्यंतचं कर्णाचं अंतर ७२.६ मीटर, फरक २५ मिमी. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये पाइलच्या जागेला ७५ मिमीची सूट होती. म्हणजे झालेलं चालण्यासारखं होतं, स्ट्रक्चरच्या इंजिनिअरनी प्रत्यक्षात बसलेल्या जागा घेऊन पाइल कॅप तपासल्या आणि पुढे जायला सांगितलं. हेच काम एच-१८ पर्यंत पोचलं असतं तर तिथे ५८ मिमी फक्त आकड्यांतच गेले असते, आणि पाइल खोदणारी रिग उभी करणाऱ्याच्या वाट्याला ७५ पैकी १७ उरले असते. जुना तक्ता त्याच दुपारी रद्द केला. नवा निघेपर्यंत ग्रिड ६ चं काम थांबवलं.

मॉडेलची दुरुस्ती सोमवारी. आधी सेंट्रल फाइलची (सगळे मिळून काम करतात ती मूळ फाइल) डिटॅच केलेली, म्हणजे तिच्यापासून तोडलेली, प्रत काढून तिच्यावर रंगीत तालीम केली. स्ट्रक्चरच्या फाइलीत आर्किटेक्टचं मॉडेल इंटर्नल ओरिजिनवर लिंक केलं. मग ती लिंक हलवली: तिचा ए-१ आपल्या ए-१ वर, मग ए-१ ला केंद्र धरून ती फिरवली, तिची ए ग्रिड आपल्या ए ग्रिडवर बसेपर्यंत. सेक्शनमध्ये लेव्हल जुळवली. ए-१८ आणि एच-१ वर मोजलं, शून्य. लिंक पिन केली. मग तिच्याकडून 'अक्वायर कोऑर्डिनेट्स'. या एका आज्ञेने स्ट्रक्चरच्या फाइलीतले जुने चारही आकडे जाऊन आर्किटेक्टचे आले, आणि स्ट्रक्चरची एकही भिंत जागेवरून हलली नाही. ग्रिडपासूनची मापं, शीट, सगळं तसंच.

कोनाच्या रकान्यात २७.३८ टाइप करूनही भागलं असतं. पण टाइप केलेला आकडा कुठून आला हे फाइल पुढे कधीच सांगत नाही, आणि याच कारणाने आम्ही इथवर पोचलो होतो. आणखी एक: मेन्यूत 'रोटेट ट्रू नॉर्थ'च्या शेजारी 'रोटेट प्रोजेक्ट नॉर्थ' आहे. तो खरोखर इमारतीच्या भिंती-कॉलम फिरवतो. तालमीच्या प्रतीवर एकाने तोच दाबला. म्हणूनच तालीम.

एमईपीला ३१ पाइप परत जागेवर आणावे लागले. मागच्या सोमवारची प्रत होती म्हणून अर्ध्या दिवसात झालं.

दुरुस्तीनंतर सगळ्या फाइली पुन्हा एक्स्पोर्ट केल्या आणि नॅव्हिसवर्क्समध्ये एकच टॉवर दिसायला लागला. बी टॉवर ए टॉवरच्या पोटात. एकच फाइल दोन ठिकाणी लिंक असते तेव्हा तिच्यात दोन नावांच्या जागा नोंदवलेल्या असतात, आमच्या "टॉवर-ए" आणि "टॉवर-बी". पण फाइल स्वतः एक्स्पोर्ट होते ती त्या क्षणी करंट असलेल्या जागेवर. एक जागा 'मेक करंट' करायची, एक्स्पोर्ट, मग दुसरी करंट, पुन्हा एक्स्पोर्ट, वेगळ्या नावाने. घाईत दोन्ही वेळा ए च करंट राहिली होती. पाच मिनिटांत कळलं, सगळे हसले, दहाव्या मिनिटाला दुरुस्त. याच कामात लँडस्केपचं मॉडेल एकदा ११२ मीटर खाली जमिनीत आलं होतं, तेही कोणाला शोधावं लागलं नव्हतं. मला तर अशा चुका आवडतात. अख्खा टॉवर गायब झाला की कोणी पाइप सरकवत बसत नाही.

क्लॅश टेस्ट पुन्हा चालवली. ११२ पैकी शून्य. नवे सात निघाले, ते खरे होते.

माझ्या तपासणीच्या तक्त्यात आता तीन बिंदू आहेत, ए-१, ए-१८ आणि एच-१, आणि कोनाचा रकाना पाच दशांशांचा. स्ट्रक्चर आणि एमईपीने आपल्या टेम्प्लेटमधली कोनाची सेटिंग बदलली. आर्किटेक्टच्या साइट प्लॅनच्या ताज्या रिव्हिजनवर कोन अजून २७.४ आहे. दोनदा लेखी कळवलंय.